दोन देशांचा नागरिक

धर्मशास्त्रांत दत्तकाचे दोन प्रकार सांगितले आहेत. सामान्य दत्तक पुत्र जन्मकुळांतून निघून दत्तक घेणाऱ्याच्या कुळांत जातो. त्याचें गोत्र बदलतें, जन्मदात्या बापाच्या मिळकतीवरील त्याचा हक्क जातो, आणि त्या बापाला पिंड देण्याचा अधिकारहि संपतो. दुसऱ्या प्रकारच्या दत्तकास द्व्यामुष्यायण असें म्हणतात. हा मुलगा दोन्ही बापांचा समजला जातो. दोन्ही घरांचा वारसा त्याला मिळतो, व दोन्ही घरांचें श्राद्धहि त्यानेंच करावयाचें असतें. हक्क दुहेरी, तशीं कर्तव्येंहि दुहेरी. शास्त्रकारांनीं कुटुंबापुरता जो प्रश्न अशा रीतीनें सोडविला, तोच प्रश्न राष्ट्रांपुढें गेलीं चारशें वर्षें उभा आहे. स्वदेश सोडून परदेशीं कायमचें राहावयास गेलेला मनुष्य कोणाचा समजावयाचा? जुन्या देशाचा, नव्या देशाचा, कीं दोहोंचाहि?

इंग्लंडांत या प्रश्नाचें पहिलें महत्त्वाचें उत्तर इ. स. १६०८ सालीं मिळालें. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हा १६०३ सालीं इंग्लंडच्याहि गादीवर आला. त्यानंतर स्कॉटलंडांत जन्मलेल्या एका बालकाच्या नांवानें इंग्लंडांतील जमिनीसंबंधीं दावा लावण्यांत आला. हें बालक इंग्लंडांत परकी मानावयाचें कीं नाहीं, एवढाच मुद्दा होता. कॅल्व्हिनचा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. राजाच्या अंमलाखालीं जो जन्मला तो राजाचा प्रजाजन, आणि हें नातें निसर्गानेंच जोडलेलें आहे, असा न्यायाधीशांनीं निवाडा दिला. त्या बालकाचें त्यांत हितच झालें. परंतु या निवाड्यांतून दुसरा एक सिद्धांत आपोआप निघाला. जी गांठ निसर्गानें बांधली ती मनुष्याला सोडतां येत नाहीं. एकदां प्रजाजन तो मरेपर्यंत प्रजाजन.

लोक जेथल्या तेथें राहात होते तोंवर या सिद्धांतानें कोणाचें फारसें अडलें नाहीं. पण १७७६ सालीं अमेरिकेंतील वसाहतींनीं स्वातंत्र्य पुकारलें, आणि इंग्लंड-आयर्लंडांतून हजारों लोक तेथें जाऊन नवें नागरिकत्व घेऊं लागले. अमेरिका त्यांस आपले म्हणे. इंग्लंड त्यांस आपलेच समजे. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत ब्रिटिश आरमारास खलाशांची चणचण भासत होती. तेव्हां ब्रिटिश अधिकारी भर समुद्रांत अमेरिकन गलबतें अडवीत, आणि त्यांवरील इंग्लंडांत जन्मलेले खलाशी, व कित्येकदां अमेरिकेंतच जन्मलेले खलाशीहि, पकडून आपल्या जहाजांवर कामास लावीत. १८०७ सालच्या जून महिन्यांत ‘लेपर्ड’ या ब्रिटिश जहाजानें ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेवर तोफा डागल्या व तींतून चार खलाशी उचलून नेले. त्यांपैकीं एकास फांशी देण्यांत आलें. उरलेले तिघे अमेरिकन होते. अशा प्रकारांनीं चिडून जीं कारणें साचलीं त्यांतून १८१२ सालचें युद्ध उद्भवलें.

त्या युद्धांत कॅनडाच्या सरहद्दीवर क्वीन्स्टन हाइट्स येथें इंग्रजांच्या हातीं जे अमेरिकन सैनिक सांपडले, त्यांतले २३ जण ब्रिटिश मुलुखांत, बहुतेक आयर्लंडांत, जन्मलेले होते. त्यांस युद्धकैदी न मानतां राजद्रोही ठरवून विलायतेस पाठविण्यांत आलें. अमेरिकेनें तितकेच ब्रिटिश कैदी ओलीस ठेवले व आपल्या माणसांस फांशी दिल्यास यांनाहि तीच शिक्षा होईल असें बजावलें. अखेर ते फांशीं गेले नाहींत. परंतु १८१४ सालीं घेंट येथें जो तह झाला, त्यांत खलाशांच्या धरपकडीबद्दल एक अक्षरहि नव्हतें. युद्ध संपलें, प्रश्न जसाच्या तसा राहिला.

तो पुन्हां पेटला १८६७ सालीं. आयर्लंडांतील दुष्काळानंतर लाखों आयरिश लोक अमेरिकेंत जाऊन तेथील नागरिक झाले होते. त्यांच्यांतील फेनियन नांवाच्या क्रांतिकारकांनीं ‘एरिन्स होप’ या जहाजांतून आयर्लंडच्या किनाऱ्याकडे शस्त्रें पाठविलीं. वॉरन आणि कॉस्टेलो हे दोघे किनाऱ्यावर उतरतांच पकडले गेले. डब्लिनच्या न्यायालयांत वॉरन यांनीं सांगितलें कीं, आपण अमेरिकन नागरिक आहों. परकीयाच्या खटल्यांत निम्मे ज्यूरर परकी असावे असा जो इंग्लिश कायद्यांतीलच नियम आहे, त्याचा लाभ आपणांस मिळावा. न्यायाधीशांनीं ही मागणी फेटाळली. जो ब्रिटिश राजाच्या प्रजेंत जन्मला त्याला त्या निष्ठेंतून स्वतःच्या इच्छेनें मुक्त होतां येत नाहीं, हें जुनेंच उत्तर अडीचशें वर्षांनंतरहि देण्यांत आलें.

अमेरिकेंत यामुळें मोठाच क्षोभ झाला. २७ जुलै १८६८ रोजीं तेथील काँग्रेसनें कायदा करून स्वदेशाचें नागरिकत्व सोडण्याचा हक्क हा मनुष्यमात्राचा नैसर्गिक हक्क आहे असें जाहीर केलें. निसर्गाचें नांव घेऊनच इंग्लिश न्यायाधीशांनीं १६०८ सालीं गांठ पक्की केली होती. निसर्गाचेंच नांव घेऊन अमेरिकेनें ती मोकळी केली. त्याच वर्षीं जॉर्ज बँक्रॉफ्ट या अमेरिकन वकिलानें उत्तर जर्मन संघाशीं तह केला. पांच वर्षें राहून जो जर्मन अमेरिकेचा नागरिक झाला, त्याला जर्मनीनें अमेरिकन मानावें. पण तो परत जाऊन दोन वर्षांहून अधिक राहिला, तर अमेरिकेस परतण्याचा त्याचा विचार नाहीं असें समजावें, अशी त्यांत तडजोड होती. पुढें इतर राष्ट्रांशींहि असे तह झाले. इंग्लंडनेंहि १८७० सालीं कायदा बदलला. परदेशाचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेणारा मनुष्य ब्रिटिश प्रजाजन राहात नाहीं असें ठरलें, आणि ‘एकदां प्रजाजन तो मरेपर्यंत प्रजाजन’ हा सिद्धांत निकालांत निघाला.

याप्रमाणें मनुष्यास देश निवडण्याचें स्वातंत्र्य मिळालें खरें, परंतु तें एका अटीवर. त्यानें एकच देश निवडला पाहिजे. शिवाय हें स्वातंत्र्य सर्वांस नव्हतें. १८७० च्या त्याच ब्रिटिश कायद्यानें परकीयाशीं विवाह करणारी स्त्री आपोआप परकी ठरली. तिची इच्छा कोणी विचारली नाहीं. अमेरिकेनेंहि १९०७ सालीं असाच नियम केला. पुरुषाला जें स्वेच्छेनें सोडतां येत होतें, तें स्त्रीकडून न विचारतां काढून घेतलें जात होतें.

एकाच देशाच्या या अटीचा खरा अर्थ काय होतो, हें अमेरिकेंत गेलेल्या हिंदी लोकांच्या अनुभवावरून दिसून येतें. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानें परक्यांस नागरिकत्व देण्याची मुभा ठेविली होती, पण ती केवळ ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांपुरती. १८७० सालीं आफ्रिकन वंशाच्या लोकांसहि ती मिळाली. आशियाचे लोक मात्र बाहेरच राहिले. हिंदी मनुष्य गोरा कीं काळा, याबद्दल निरनिराळीं न्यायालयें निरनिराळें मत देत, आणि त्यामुळें कांहीं हिंदी गृहस्थांस नागरिकत्व मिळालें होतें.

पंजाबचे भगतसिंग थिंद हे १९१३ सालीं अमेरिकेस गेले व पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत दाखल झाले. १९१८ सालच्या डिसेंबरांत त्यांस नागरिकत्व मिळालें आणि चारच दिवसांनीं तें काढून घेण्यांत आलें. १९२० सालीं ऑरेगॉनमधील न्यायालयानें त्यांस तें पुन्हां दिलें. सरकारनें त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टांत धाव घेतली. आपण आर्यवंशीय आहों, व वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानांतील लोकांची गणना युरोपियनांबरोबर करितात, असें थिंद यांचें म्हणणें होतें. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्यायमूर्ति सदरलंड यांनीं निकाल दिला कीं, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञांच्या पुस्तकांतून घ्यावयाचा नसून सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणें घ्यावयाचा आहे. आणि त्या समजुतीप्रमाणें हिंदी मनुष्य गोरा नव्हे. सदरलंड हे स्वतः इंग्लंडांत जन्मून अमेरिकन झालेले होते.

या निकालाच्या आधारें सरकारनें पूर्वीं दिलेलीं नागरिकत्वेंहि रद्द करण्याचे दावे लावले. पेशावरचे वैष्णोदास बागाई यांची कहाणी यांतलीच. हे १९१५ सालीं पत्नी कला आणि तीन मुलगे यांसह सॅन फ्रान्सिस्को येथें उतरले. येथून नेलेल्या पैशावर त्यांनीं दुकान घातलें, मुलांस तेथल्या शाळांत घातलें, आणि १९२१ सालीं ब्रिटिश राजाशीं असलेली निष्ठा सोडल्याची शपथ घेऊन ते अमेरिकन नागरिक झाले. थिंद यांच्या निकालानंतर त्यांचें नागरिकत्व रद्द झालें. नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या परकीयांस जमीन बाळगण्याची कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें बंदी होती; त्याचाहि जाच सुरू झाला. १९२८ सालीं त्यांस हिंदुस्थानांतील आप्तांस भेटावयाचें होतें. अमेरिकेनें त्यांस पासपोर्ट दिला नाहीं. ब्रिटिश पासपोर्ट मागावा, असें त्यांस सुचविण्यांत आलें. ज्या सत्तेची निष्ठा शपथेवर सोडली तिच्या दारीं पुन्हां जाण्यास त्यांचें मन घेईना. त्या वर्षीं मार्च महिन्यांत सॅन होझे येथें त्यांनीं आत्महत्या केली. मागें ठेविलेल्या पत्रांत त्यांनीं आपली कैफियत मांडली होती. पुढें जावें तर वाट अडविलेली आणि मागचे पूल जळालेले, असा त्या पत्राचा आशय होता.

सखाराम गणेश पंडित यांचें दैव वेगळें निघालें. मुंबई इलाख्यांतील अहमदाबाद येथें जन्मलेले हे गृहस्थ १९१४ सालीं अमेरिकन नागरिक झाले, पुढें वकील झाले, आणि थिंद यांची बाजू सुप्रीम कोर्टांत त्यांनींच मांडली. तो खटला हरल्यावर सरकारनें खुद्द त्यांच्यावरच दावा लावला. पंडित यांनीं या वेळीं वंशाचा मुद्दा धरला नाहीं. नागरिकत्वाच्या भरंवशावर आपण वकिलीचा धंदा पत्करला, अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला, हिंदुस्थानांतील वारशावरील हक्क सोडला. आतां नागरिकत्व गेलें तर आपण कोठलेच राहणार नाहीं, आणि आपल्या पत्नीचेंहि नागरिकत्व जाईल, असें त्यांनीं सांगितलें. १९१४ सालीं न्यायालयानें सर्व पाहून निर्णय दिला होता. सरकारनें त्या वेळीं अपील केलें नाहीं. तो प्रश्न आतां उकरून काढतां येणार नाहीं, असा अपील कोर्टानें १९२६ सालीं निवाडा दिला. १९२७ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें, तेव्हां सरकारनें असे इतर दावे सोडून दिले. बागाई यांस मात्र हा आधार मिळाला नाहीं. थिंद यांस १९३६ सालीं, माजी सैनिकांसाठीं झालेल्या कायद्यान्वयें, तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालें. हिंदी लोकांस तो हक्क सरसकट मिळाला तो २ जुलै १९४६ च्या कायद्यानें. त्यानंतर कला बागाईहि अमेरिकन नागरिक झाल्या, आणि कॅलिफोर्नियांतील बर्कली शहराच्या एका रस्त्यास आज त्यांचें नांव आहे.

या हकीकतींचा बोध स्पष्ट आहे. मनुष्यानें एक देश सोडल्याशिवाय दुसऱ्यानें त्यास घ्यावयाचें नाहीं, असा नियम असेल, तर घेणाऱ्यानें दिलेला शब्द मोडल्यावर तो मनुष्य अधांतरीं लोंबकळतो. १९३० सालीं हेग येथें राष्ट्रांची परिषद भरली, तिनें प्रत्येक मनुष्यास राष्ट्रीयत्व असावें आणि तें एकच असावें, असें ध्येय ठरविलें. या ध्येयाचे दोन भाग आहेत. पहिला भाग बागाईंसारख्यांच्या रक्षणाचा आहे. दुसरा भाग राज्यांच्या सोयीचा आहे. राज्यांनीं दुसऱ्या भागाची जितकी काळजी घेतली तितकी पहिल्याची घेतली नाहीं.

तथापि राज्यांची भीति अगदींच निराधार होती असेंहि नव्हे. टोमोया कावाकिता हा जपानी आईबापांच्या पोटीं कॅलिफोर्नियांत जन्मला. म्हणून जन्मभूमीच्या कायद्यानें अमेरिकन आणि रक्ताच्या कायद्यानें जपानी होता. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां तो जपानांत होता. ओएयामा येथें अमेरिकन कैद्यांकडून सक्तीनें काम करून घेत, तेथें दुभाषी म्हणून तो नोकरीस लागला व त्या कैद्यांचा त्यानें छळ केला. १९४६ सालीं अमेरिकन पासपोर्टावर तो परत आला. लॉस एंजेलिस येथें एका जुन्या कैद्यानें त्यास ओळखलें. त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. युद्धकाळांत आपण केवळ जपानी होतों, हा त्याचा बचाव १९५२ सालीं सुप्रीम कोर्टानें चार विरुद्ध तीन मतांनीं नाकारला. दोन देशांच्या नागरिकाला सोयीप्रमाणें एकाची निष्ठा झटकून टाकतां येत नाहीं, हा त्या निकालाचा अर्थ होय. त्याची फांशीची शिक्षा पुढें जन्मठेपेवर आली, व १९६३ सालीं त्यास सोडून जपानांत धाडण्यांत आलें. द्व्यामुष्यायणाला दोन्ही श्राद्धें चुकत नाहींत, तीं अशीं.

महायुद्धानंतर मात्र वारें हळूहळू पालटलें. ब्रिटननें १९४८ च्या कायद्यानें परदेशचें नागरिकत्व घेणाऱ्यासहि ब्रिटिश राहूं दिलें. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें १९६७ सालीं अफ्रोयिम यांच्या खटल्यांत, नागरिकानें स्वतः सोडल्याखेरीज सरकारला त्याचें नागरिकत्व काढून घेतां येत नाहीं, असें ठरविलें. पोलंडांत जन्मून अमेरिकन झालेल्या या चित्रकारानें इस्रायलच्या निवडणुकींत मत दिलें, एवढाच त्याचा अपराध होता. १८६८ सालीं ज्या जर्मन भूमीशीं बँक्रॉफ्ट यांनीं एकेरी नागरिकत्वाचा तह केला, त्या जर्मनीनेंहि २०२४ सालीं दुहेरी नागरिकत्वास सर्वसाधारण मोकळीक दिली.

भारतानें आपला मार्ग निराळा ठेविला आहे. परदेशचें नागरिकत्व स्वेच्छेनें घेतलेला मनुष्य भारताचा नागरिक नव्हे, असें राज्यघटनेचें नववें कलम सांगतें. नागरिकत्वासंबंधींचीं कलमें २६ नोव्हेंबर १९४९ रोजींच अंमलांत आलीं. बाकीच्या बहुतेक घटनेसारखीं तीं पुढच्या २६ जानेवारीपर्यंत थांबलीं नाहींत. देशाची फाळणी होऊन लाखों माणसें इकडून तिकडे गेलेलीं होतीं, आणि कोण कोठला हें ठरविणें निकडीचें होतें. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानेंहि तोच नियम कायम केला.

या नियमाची कसोटी गोमंतकांत लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. १९६२ सालच्या हुकुमानें, ज्यांचा स्वतःचा किंवा ज्यांच्या आईबापांचा अगर आजाआजींचा जन्म त्या प्रदेशांतला, ते सर्व भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांस पूर्वींचेंच नागरिकत्व ठेवावयाचें असेल त्यांनीं एक महिन्यांत तसें लिहून द्यावें अशी सवड होती. मॉन्सिन्योर मोंतेइरो या पाद्र्यांनीं पोर्तुगीज राहण्याचें लिहून दिलें. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरहि ते गोव्यांतच राहिले, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. जन्मभूमींत राहणाऱ्यास परकी कसें म्हणतां, असा त्यांचा सवाल होता. १९६९ सालीं भारताच्या सुप्रीम कोर्टानें त्यांचें अपील फेटाळलें. निवड त्यांनीं स्वतः केली होती, आणि निवडीचे परिणाम निवडणाऱ्यावर येतात. उलट पोर्तुगालचा कायदा मुक्तीपूर्वीं तेथें जन्मलेल्यांस व त्यांच्या संततीस आजहि पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क देतो. म्हणून कित्येक गोमंतकीय लिस्बनच्या दप्तरांत जन्माची नोंद करवून घेतात. बार्देशांतील वा सासष्टींतील घर, शेत आणि मतदानाचा हक्क एका पारड्यांत, आणि युरोपांतील नोकरी दुसऱ्या पारड्यांत, असा हा जमाखर्च अनेक घरांत चाललेला असतो.

परदेशीं स्थायिक झालेल्या भारतीयांची मागणी लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीनें विचारांत घेतली, आणि ९ जानेवारी २००३ रोजीं, म्हणजे गांधीजी १९१५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतून परतले त्या तारखेस, पंतप्रधान वाजपेयी यांनीं दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली. प्रत्यक्षांत २००५ सालच्या कायद्यानें जें मिळालें त्याला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ असें नांव आहे. त्याच्या धारकास आजन्म ये-जा करतां येतें. मात्र मत देतां येत नाहीं, निवडणुकीस उभें राहतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. नांवांत नागरिकत्व असलें, तरी हा द्व्यामुष्यायण नव्हे. सासरीं गेलेल्या मुलीला माहेरीं जो मान असतो, तो यांत आहे: दार सदैव उघडें, पण घरच्या कारभारांत बोलण्याचा अधिकार नाहीं.

तेव्हां परदेशाची निवड करणाऱ्यानें शपथ घेण्यापूर्वीं कांहीं प्रश्न स्वतःस विचारणें हिताचें ठरतें. जुनें नागरिकत्व जाणार असेल, तर नव्या देशाला दिलेला शब्द परत घेतां येतो काय? मुलांचा दर्जा काय राहील? येथल्या शेताचें, वारशाचें काय होईल? दोन्ही देशांत वितुष्ट आलें, तर लष्करी चाकरी कोणाची करावयाची? अशा प्रश्नांचीं उत्तरें भावनेच्या भरांत मिळत नाहींत.

राज्यांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी अशी आहे. एकच निष्ठा मागण्याचा अधिकार राज्यास असूं शकतो, व भारतानें तो मागितला यांत अनुचित कांहीं नाहीं. परंतु जें राज्य एकनिष्ठा मागतें, त्यानें आपल्या दारीं आलेल्याचा मागचा पूल जाळावयास लावल्यावर पुढचें दार लावून घेऊं नये. पंडित जिंकले तें याच तत्त्वावर. बागाईंच्या वांट्यास तें तत्त्व आलें नाहीं, आणि सात वर्षांपूर्वीं नागरिक म्हणून शपथ घेतलेला मनुष्य कोणत्याच देशाचा न राहतां मेला.